सावत्राच्या अलीकडे

बुधवारी सकाळी सव्वादहाला मी उबेचं कपाट उघडलं, तेव्हा पाचपैकी चार बाटल्या ठेवल्या होत्या तशाच होत्या आणि पाचवी काळी पडली होती.

या बाटल्यांत आधीपासून थोडं औषध घातलेलं असतं. नळाचं पाणी भरायचं, बूच लावायचं, उबेत ठेवायचं. दोन दिवसांत पाणी काळं झालं तर त्यात मैला मिसळलाय असं समजायचं. चाचणी स्वस्त आहे आणि तिला स्वतःची मतं नाहीत, म्हणून मला ती आवडते.

बाटलीवर चिठ्ठी होती. तारीख सोमवारची. वेळेच्या रकान्यात ‘वेळेवर’ असं लिहिलं होतं. खाली सही. ‘ठिकाण’ या शब्दापुढे एकच शब्द होता: सावत्र.

मला या गावात येऊन आठ महिने झाले होते, लग्नालाही तेवढेच, आणि पाणीपुरवठा कार्यालयाच्या तपासणी खोलीत लागून पाच. तेवढ्यात हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता. सावत्रातली माणसं भांडकुदळ. सावत्रात सायकल नेऊ नये. सावत्रातली मुलगी करू नये, केलीच तर तिला वरचेवर माहेरी पाठवू नये. सावत्र कुठे आहे हे मात्र मी एकदाही विचारलं नव्हतं, कारण लोक तो शब्द ‘आकाश’ म्हणावं तशा सुरात म्हणत, आणि आकाश कुठे आहे असं कोणी विचारत नाही. नोंदवहीत मी ‘सावत्र’ उतरवून घ्यायचे आणि पुढच्या रकान्यात ‘पिण्यास योग्य’ लिहायचे. पाच महिने ते योग्यच निघत होतं.

बाकीच्या चार बाटल्यांवर ‘टोपी’, ‘बुवाचं’, ‘मधलं’ आणि ‘जुनं नवं’ असं लिहिलं होतं. वजाबाकी करून सावत्र शोधावं, तर आधी या चौघांचा पत्ता लागायला हवा.

गावभर फिरून पाण्याचे नमुने आणतात त्या गृहस्थांना सगळे ‘नमुना’ म्हणतात. ही चेष्टा नाही, हुद्दा आहे. ते मंगळवारपासून चार दिवस रजेवर होते, मेहुण्याच्या घराला रंग लावून द्यायला. मी त्यांना फोन लावला. फोन शेजारच्या टेबलाच्या खणात वाजला.

“रजेवर जाताना फोन खणात ठेवायचा असतो,” आवक-जावक बघणाऱ्या बाई म्हणाल्या. “नाहीतर रजा कसली ती?”

“आणि कोणाला निकडीचं काम निघालं तर?”

“म्हणून तर ठेवतात.”

आमच्या गावाला सोमवार, बुधवार आणि शुक्रवार पाणी येतं. मधोमध टेकडीवर टाकी आहे आणि तिच्याभोवती, घड्याळातल्या आकड्यांसारख्या, नऊ लाइनी. चावीवाले काका दुपारी एकला पहिल्या लाइनीची चावी सोडतात, चाळीस मिनिटांनी ती बंद करून दुसरीची, असं करत करत संध्याकाळी सातला नववी बंद होते. उरलेला सगळा वेळ नळ्या कोरड्या असतात, आणि कोरड्या नळीला कुठे भोक असलं तर बाहेरची घाण आत ओढली जाते. सावत्रात ती ओढली गेली होती. आज परत पाण्याचा दिवस. सावत्राची पाळी यायच्या आत मला ती लाइन शोधून बंद ठेवायची होती, नाहीतर तिथली तीन-चारशे माणसं आणखी दोन दिवस तेच पिणार. त्यातून चावी सुटल्यावर येणारं पहिलं पाणी सगळ्यात घाण असतं, आणि घराघरात आधी भरतात ती पिण्याची भांडी.

मी बाटली घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

“आज सगळं गावच बंद ठेवता येईल का?”

“सगळं गाव बंद करायचं तर वरून पत्र लागतं,” साहेब म्हणाले. “आणि ते पत्र मागवायचं तर इथून पत्र लागतं. तुमच्या सहीवर एक लाइन, एक दिवस. कुठली बाटली आहे?”

“सावत्र.”

“मग झालं की. सावत्र बंद करा.”

“कुठली लाइन, साहेब?”

त्यांनी चष्मा काढला. त्यांचा उजवा हात कुठला असं मी विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे असंच बघितलं असतं.

“सावत्राची.”

“म्हणजे कुठली?”

“गिरणी ओलांडली की सावत्र सुरू होतं. पाच नंबर असेल. नंबर कोण बघतं?”

मी बाहेर आले तर बाई दाराशीच होत्या. “साहेबांचं काही ऐकू नका,” त्या हळूच म्हणाल्या. “गिरणीकडे कसलं आलंय सावत्र? सावत्र टाकीखाली, टेकडीच्या अगदी पायथ्याशी. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.”

मी परत आत गेले. “साहेब, बाई म्हणतात टाकीखाली.”

“बाई बाहेरच्या आहेत,” साहेब म्हणाले.

बाईंना या गावात एकतीस वर्षं झाली होती.

साहेबांच्या खोलीत गावाचा नकाशा आहे, त्याच्यावर कॅलेंडर टांगलेलं असतं. मी कॅलेंडर काढून खुर्चीवर ठेवलं आणि नऊ लाइनींची पेन्सिलीने नक्कल करून घेतली. साहेब राहतात चार नंबरला. तिथून पाच नंबरकडे एक बाण काढला. बाई राहतात नऊ नंबरला. तिथून एक नंबरकडे दुसरा बाण काढला. दोन माणसांची दोन मतं म्हणजे काहीच माहिती नाही. अजून माणसं हवी होती.

चावीवाले काका मागच्या आवारात चावीला तेल देत बसले होते. त्यांची चावी म्हणजे छातीएवढा लोखंडी दांडा, वर आडवी मूठ. गावातली प्रत्येक लाइन त्यांच्या हातून सुटते. त्यांना नक्की माहीत असणार, हे माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं.

“काका, सावत्र कुठली लाइन?”

“पोस्टामागची,” काका एका क्षणात म्हणाले. “मी राहतो त्याच्या पुढची. डोक्याला ताप नुसता. आमचं पाणी चालू असतं तोवर हे चावीपाशी येऊन उभे. काका झाली चाळीस मिनिटं, काका झाली चाळीस मिनिटं. घड्याळ बघत नाहीत, माझं तोंड बघतात. जसा काही मी त्यांचा वाटा खाल्लाय. सावत्र ते सावत्रच.”

“पण नाव सावत्र का पडलं?”

“पडलं कशाला? आधीपासून आहे.”

याच प्रश्नावर साहेबांनी मला एका माणसाची आणि त्याच्या दोन बायकांची गोष्ट सांगितली होती, आणि बाईंनी नगरपालिकेने दिलेल्या वागणुकीची. मी तिसरा बाण काढला, दोनकडून तीनकडे.

एक वाजला. काकांनी पहिली चावी सोडली आणि मी टाकीखालच्या पहिल्याच नळावर जाऊन पाण्यात औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं, म्हणजे जंतुनाशक अजून शिल्लक होतं. बाईंचं सावत्र ठीक होतं. असं प्रत्येक लाइनीमागे धावता आलं असतं, पण मला कळेपर्यंत लोकांची भांडी भरलेली असतील. एका अंगणात एक बाई नळाखाली तांब्या धरून उभी होती. तिला मी हेच सांगितलं, तर ती म्हणाली, “मग तुम्ही आधी यायचं.”

दुसरी सुटल्यावर मी घरी गेले. सासूबाईंनी या गावात चाळीस वर्षं संसार केला आहे आणि एखादी गोष्ट माहीत नाही असं त्यांना आजवर म्हणावं लागलेलं नाही.

त्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डबे पुसत होत्या.

“आई, सावत्र कुठे आहे?”

“का? कोणी तिथलं भेटलं का?”

“नाही. तिथलं पाणी बिघडलंय.”

“बिघडणारच.”

“पण आहे कुठे?”

“अगं, शाळेमागे! आपली गल्ली संपली की शाळा, शाळा संपली की सावत्र. आठ महिने झाले तुला येऊन. इतके दिवस मी कुणाबद्दल बोलते असं वाटत होतं?”

माझा नवरा बाहेरगावी नोकरी करतो, शनिवारी येतो. त्यालाही मी फोनवर लिहून विचारलं. उत्तर आलं: ‘शाळेमागे. हे काय विचारणं झालं?’ मायलेक असल्यामुळे ही दोन मतं मी एकच धरली. पण सासूबाईंचा आवाज असा होता की मी लाइन बंद ठेवायचा फॉर्म काढला आणि त्यावर आठ नंबर लिहिला. आम्ही सातला राहतो, शाळेमागे आठ. सही तेवढी ठेवली, आधी जागा बघावी म्हणून.

शाळेमागे एका अंगणात एक बाई धुणं धूत होती. मी फाटकातूनच विचारलं, “मावशी, हेच सावत्र ना?”

तिच्या हातातली चादर बादलीत पडली.

“कोण म्हणालं?”

“नाही, मी पाणीपुरवठ्यातून आलेय. तपासायला.”

“ते असू दे. कोण म्हणालं?”

मी पिशवीतून थेंबांची बाटली काढून तिला दाखवली.

“तू कुठली?”

“शाळेच्या अलीकडची.”

“पिवळ्या फाटकांच्या गल्लीतली?”

“हो.”

“तरीच. तुमच्यात असंच बोलायची पद्धत आहे.” तिने चादर उचलून पिळली, जरुरीपेक्षा बरीच जास्त. “सावत्र पुढे, लाकडाच्या वखारीपाशी. आमच्याकडे डॉक्टर राहतो.”

मी तिची माफी मागितली आणि शाळेच्या पायरीवर जाऊन बसले. वखारीपाशी म्हणजे नऊ नंबर. आठकडून नऊकडे बाण काढला. एव्हाना अडीच वाजून गेले होते आणि तिसरी लाइन चालू होती. फॉर्मवरचा आठ मी खोडला.

पाच बाण झाले होते. चारकडून पाचकडे, नऊकडून एककडे, दोनकडून तीनकडे, सातकडून आठकडे, आठकडून नऊकडे. मी कागद जरा लांब धरला. एकही बाण उलटा नव्हता. एकाही बाणाने मधली लाइन ओलांडली नव्हती. सगळे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ज्याने त्याने आपल्या पुढच्याकडे. मला काकांचं बोलणं आठवलं. आमचं पाणी चालू असतं तोवर हे चावीपाशी येऊन उभे. नवव्यानंतर पाळी येते ती परवाच्या पहिल्याची, म्हणून बाई टाकीकडे बोट दाखवत होत्या.

गावात सावत्र कुठेच नव्हतं. आपल्यानंतर ज्याची पाळी, तो सावत्र. सावत्रात राहणारा माणूस मला सापडला नसता, नवव्या लाइनीपर्यंत जाऊनही नाही.

पण पाच बाणांवरून नियम सांगायचा तर तो आधी कागदावर लिहून मग तपासावा लागतो, नाहीतर आपण हवं तेच ऐकतो. पाच नंबरला एक शिंपी आहे, त्याच्या पुढे सहाला दवाखाना. मी चिठ्ठीवर ‘दवाखाना’ लिहिलं, घडी करून मुठीत ठेवली आणि त्याच्या दुकानात शिरले. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या.

“दादा, सावत्र कुठे हो?”

“दवाखान्याशेजारी,” तो टाचण्यांमधून म्हणाला. “आख्खं गाव सांगेल.”

मी चिठ्ठी उघडून त्याला दाखवली. त्याने ती वाचली आणि टाचण्या काढून ठेवल्या.

“मग विचारता कशाला, माहीत आहे तर?”

आता सावत्र शोधायचं कारण उरलं नव्हतं. बाटलीवरचा शब्द नमुन्याने लिहिला होता. नमुना कुठे राहतो ते कळलं की त्याच्या पुढची लाइन बंद. मी धावत कार्यालयात आले आणि कर्मचाऱ्यांची नोंदवही उघडली. नमुन्याच्या नावापुढे पत्ता होता: ‘सावत्राच्या अलीकडे’.

मी मागचं पान उलटलं. साहेब: सावत्राच्या अलीकडे. बाई: सावत्राच्या अलीकडे. काकांचाही तोच. शेवटच्या पानावर मी होते. रुजू झाले त्या दिवशी बाईंनी मला कुठल्या गल्लीत दिलीय एवढं विचारून स्वतःच भरलं होतं. सावत्राच्या अलीकडे.

“बाई, या पत्त्यावर टपाल पोचतं?”

“न पोचायला काय झालं? पोस्टमनला माहीत असतं.”

“नमुना राहतो कुठे?”

“दवाखान्यासमोर, निळा दरवाजा,” बाई म्हणाल्या. “असं सरळ विचारायचं ना. सकाळपासून सावत्र सावत्र करताय.”

दवाखाना सहा नंबरला. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. सहाच्या पुढची लाइन कुठली हे कळायला मला नकाशा बघायची गरज नव्हती, तरी मी तो बघितला. मग असंही वाटलं की माणूस आपल्या घरापासून बोलतो हा माझा नियम आहे, नमुन्याचा नाही. गावभर फिरणारा माणूस, त्याची रीत वेगळी असू शकते. खात्री करायला हवी होती.

मी निळ्या दरवाजाशी पोचले तेव्हा तिथे पाणी नुकतंच सुटलं होतं. नमुन्याची बायको अंगणात नळी धरून पिंप भरत होती. मी आधी पाण्यात थेंब टाकले. पिवळं.

“वहिनी, भाऊ नमुने आणतात ना, तेव्हा सावत्र कशाला म्हणतात?”

“सावत्राला,” ती म्हणाली.

“ते कुठे आलं?”

तिने ओल्या हाताने नाल्यापलीकडे दाखवलं. “ती पिवळी फाटकं दिसतात ना, ती सगळी. एकीने केलं पिवळं म्हणून ओळीने सगळ्यांनी केलं. आमचे हे म्हणतात, तिकडे चहा बरा मिळतो पण साखर कमी घालतात. स्वभावच तसा.”

पहिलं पिवळं फाटक आमचं होतं. रंग सासूबाईंनी निवडला होता.

नाल्यावर पायी जाण्यापुरता एक छोटा पूल आहे. त्याच्या खालून एक जुनी लोखंडी नळी नाल्याच्या पाण्यातून आमच्या बाजूला जाते. मी रोज दोनदा त्यावरून जात होते आणि आठ महिन्यांत ती नळी शंभर वेळा बघितली होती. कसली असेल असा विचार करायला मला कोणी मनाई केली नव्हती.

पाचला वीस कमी. सासूबाईंनी नळाखाली भांडी मांडून ठेवली होती, पिण्याची पुढे, वापराची मागे.

“आई, सोमवारी नमुना आला होता का आपल्याकडे?”

“आला होता की. आपल्याच नळाचं भरून नेलं बाटलीत. चहा घेतला.”

“मग मला दुपारी का नाही सांगितलंत?”

“तू सावत्राचं विचारलंस. आपल्या नळाचं कुठे विचारलंस?”

प्रश्न कसा विचारावा या विषयाला आम्हाला कॉलेजात एक पूर्ण सत्र होतं आणि त्यात मला चांगले गुण होते.

मी पिशवीतून बाटली काढून ओट्यावर ठेवली. सासूबाईंनी ती उचलली, उजेडाला धरली, मग हात लांब करून चिठ्ठी वाचली. चष्मा शेजारीच होता, तो त्यांनी घेतला नाही. एक शब्द वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

“हे आपल्या नळाचं?”

“हो.”

“आणि हे नाव आपलं?”

“त्यांच्या घराकडून बघितलं तर.”

त्यांनी बाटली खाली ठेवली आणि चिठ्ठी भिंतीकडे होईल अशी ती फिरवली.

“चहा पिऊन गेला,” त्या म्हणाल्या.

मी फॉर्मवर सात लिहून सही केली आणि गल्लीच्या तोंडाशी धावले. चावीचं चेंबर तिथेच आहे, रस्त्यात, वर लोखंडी झाकण. समोरून काका खांद्यावर दांडा घेऊन येत होते. पाचला सहा मिनिटं होती.

“काका, ही सोडू नका. हीच ती.”

“कुठली?”

तो शब्द माझ्या ओठांवर आला होता. म्हटला असता तर काकांनी समजल्यासारखी मान हलवली असती, ही चावी सोडली असती, आणि पोस्टामागची लाइन शुक्रवारी आठवणीने बंद ठेवली असती.

“सात नंबर,” मी म्हटलं.

“नंबराचं मला सांगू नका, ताई. मला जागा सांगा.”

मी झाकणावर जाऊन दोन्ही पाय जोडून उभी राहिले.

“ही. मी उभी आहे ती.”

काकांनी माझा फॉर्म बघितला, घड्याळ बघितलं, माझे पाय बघितले.

“असं स्पष्ट सांगावं माणसाने,” ते म्हणाले आणि शाळेच्या दिशेने निघून गेले. मी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत तिथून हलले नाही. शाळेमागून बादल्यांचे आवाज यायला लागले तेव्हा उतरले.

काम अर्धंच झालं होतं. गल्लीतल्या प्रत्येक घरात सोमवारचं पाणी होतं आणि ते आजच्या आज ओतून द्यायला हवं होतं. साहेबांना फोन केला. टँकर सहापर्यंत येईल म्हणाले, छापील सूचना उद्या. म्हणून मी घरी बसून हातानेच लिहायला घेतलं: ‘लाइन क्रमांक सातमधील पाणी दूषित आढळल्यामुळे’.

सासूबाई मागच्या दाराने आत आल्या. आमचं पिंप त्यांनी एव्हाना रिकामं केलं होतं, छोट्या पातेल्याने, झाडांना, आवाज होऊ न देता. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

“हे तू दारोदार देणार?”

“हो.”

“आमचं पाणी घाण आहे असं कागदावर वाचून कोण ओतून देईल? तुझी सून काय लिहिते म्हणून मलाच विचारतील. ठेव ते.”

त्यांनी चपला घातल्या आणि कुंपणापाशी गेल्या. समोरच्या काकू रिकामी बादली घेऊन नळाकडे बघत उभ्या होत्या.

“पाणी नाही आज?” काकूंनी विचारलं.

“सुनेने बंद ठेवायला लावलंय. सावत्राची घाण शिरलीय नळीत. सोमवारचं सगळं ओतून द्या.”

“अगं बाई! शाळेमागून?”

सासूबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाही म्हणाल्या नाहीत.

“उकळून चालेल का?” काकूंनी विचारलं.

“सावत्राचं? उकळून?”

काकूंनी बादली खाली ठेवली आणि पिंपाचं झाकण उघडायला आत धावल्या. सासूबाई पुढच्या फाटकाकडे वळल्या. वीस मिनिटांत गल्लीतलं एकूण एक पिंप उलटं झालं होतं आणि सोमवारचं पाणी रस्त्याच्या कडेने नाल्याकडे चाललं होतं. माझ्या कागदाने हे झालं नसतं. कागद मी घडी करून पिशवीत टाकला. विज्ञानाच्या दृष्टीने त्या जे सांगत होत्या त्यात, कुठून बघायचं एवढं ठरवलं तर, काही चूकही नव्हती.

गुरुवारी नळी खोलली. पुलाखालचा जोड सडून गेला होता, आमच्या फाटकापासून अकरा पावलांवर. शुक्रवारी आमच्या नळाचं पाणी पिवळं झालं आणि मी अहवाल लिहिला. साहेबांनी ठिकाणाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी ‘लाइन सात, पादचारी पुलाखाली’ असं लिहिलं होतं.

“म्हणजे नेमकं कुठे?”

“सावत्र,” मी म्हटलं.

“हां,” साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सोमवारी नमुना पुन्हा आमच्या नळावर आला. मी कामावर होते, त्यामुळे पुढचं मी फक्त ऐकलेलं आहे. सासूबाईंनी त्याला बाटली भरू दिली. चहा दिला, त्यात साखर अजिबात घातली नाही. मग तो चिठ्ठी लिहायला बसला तेव्हा त्या त्याच्या समोर उभ्या राहिल्या आणि लिहून होईपर्यंत हलल्या नाहीत.

बुधवारी सकाळी ती बाटली स्वच्छ होती. वेळ: वेळेवर. ठिकाण: सावत्राच्या अलीकडे.

अक्षर नेहमीपेक्षा चांगलं होतं. मी खाली लाल शाईने ७ लिहिलं आणि पुढे ‘पिण्यास योग्य’.